कडव्यांतली माणसं

डब्लिनच्या पबमध्ये रात्री दहा-साडेदहापर्यंत काय गायचं ते आम्ही ठरवतो. त्यानंतर लोक ठरवतात. बिअरच्या ग्लासाखाली ठेवायची पुठ्ठ्याची चकती उलटी करून तिच्यावर गाण्याचं नाव लिहिलेलं असतं, कधी तिच्यासोबत पाच-दहा युरोची नोट असते, आणि ती चकती हातोहात आमच्यापर्यंत येते. रात्र चढते तसतशी या चकत्यांवर एकाच कुळातली नावं दिसायला लागतात: 'केव्हिन बॅरी', 'द फॉगी ड्यू', 'ग्रेस', 'कम आउट यी ब्लॅक अँड टॅन्स'. इथे यांना रिबेल गाणी म्हणतात. इंग्रजी सत्तेविरुद्धच्या बंडांची, फाशी गेलेल्यांची, तुरुंगांची, उपोषणात मेलेल्यांची गाणी. 1798 च्या उठावापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा आयरिश इतिहास त्यांच्यात आहे आणि त्यातला शेवटचा भाग अजून निवलेला नाही.

मी मूळची सांगलीची. दिवसा संगणकाची नोकरी करते, शुक्रवार-शनिवारी रात्री गिटार घेऊन गाते. इतकी वर्षं हे चाललं आहे की आता दुसरं काम हेच माझं खरं काम, असं मी मानते. माझा जोडीदार बँजो वाजवतो. तो उत्तर आयर्लंडच्या सीमेला खेटून असलेल्या मॉनहन गावचा, निवृत्त शिक्षक, माझ्या वडिलांच्या वयाला टेकलेला. आम्ही दोघांनी ही गाणी पबमध्ये गायली, लग्नांत गायली, एका दफनानंतरच्या जेवणातही गायली. ती गाताना कोणत्या गोष्टी सांभाळाव्या लागतात याबद्दल आमच्या दोघांत जेवढी चर्चा झाली, तेवढी सुरांबद्दल झालेली नाही. ती चर्चा लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं.

या गाण्यांशी माझी ओळख पबच्या स्टेजवर झाली नाही, सेशनमध्ये झाली. सेशन म्हणजे पबच्या एका कोपऱ्यात गोल करून बसलेले वादक: फिडल, टिन व्हिसल, बासरी, आणि आपल्या डफाची चुलत बहीण शोभेल असं बोरॉन. स्टेज नाही, माइक नाही. तासभर नाचाच्या चाली वाजतात आणि मग मध्येच कुणीतरी गायला लागतं. त्या क्षणी सगळी वाद्यं मांडीवर येतात. गाणारा बहुधा डोळे मिटून, कशाचीही साथ न घेता गातो आणि गाण्याआधी दोन शब्द सांगतो. क्लेअर परगण्यातल्या एका वयस्कर बाईंनी मला पहिली काही गाणी दिली. त्यांचा दंडक होता की गाण्यातल्या माणसाची आधी ओळख करून द्यायची: तो कुठला, किती वर्षांचा, कशाने गेला. मगच सूर लावायचा. मी ओळख न करून देता सुरुवात केली तर त्या हात वर करून थांबवत.

'केव्हिन बॅरी'ची ओळख करून देण्यासाठी म्हणून मी वाचायला लागले. हा अठरा वर्षांचा पोरगा डब्लिनमध्ये वैद्यकीच्या वर्गात शिकत होता. 20 सप्टेंबर 1920 ला चर्च स्ट्रीटवर ब्रिटिश सैनिकांच्या लॉरीवर छापा घालायला गेलेल्या तुकडीत तो होता. त्याचं पिस्तूल अडकलं, तो लॉरीखाली लपला आणि सापडला. 1 नोव्हेंबरला माउंटजॉय तुरुंगात त्याला फाशी दिली. तुरुंगाच्या आवारातच पुरलेलं त्याचं शव, आणखी नऊ जणांसह, 2001 साली सरकारी इतमामात बाहेर काढून पुन्हा दफन केलं गेलं. पबमधल्या बहुतेकांना यातलं बरंचसं ठाऊक असतं. त्या छाप्यात तीन ब्रिटिश सैनिक मेले, हे मात्र गाण्यात नाही आणि फारसं कुणाला ठाऊकही नसतं. ते तिघे कोवळ्या वयाचे होते, केव्हिन बॅरीच्याच पिढीचे. पाव आणायला म्हणून बेकरीपाशी आले होते.

मी हे सांगायला लागले तेव्हा माझ्या जोडीदाराच्या कपाळावर आठी पडली. तो म्हणाला, "तू गाण्याची धार घालवतेस." मला तसं वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. त्या तिघांची माहिती कळल्यावर केव्हिन बॅरीचं मरण लहान होत नाही. उलट अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात पिस्तूल का यावं लागलं, हा प्रश्न जास्त टोचतो. पबमध्ये एवढं सांगायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात माझ्यासमोर बसलेला इंग्रज पाहुणाही खुर्ची ओढून पुढे सरकतो, कारण त्या क्षणी गाण्यात त्याच्या गावचंही कुणीतरी असतं.

सांगलीत शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही सिंहगडाचा पोवाडा म्हणायचो. सावरकरांचा हा पोवाडा इंग्रज सरकारने एके काळी जप्त केला होता. आम्हाला त्याची काही झळ नव्हती. डफावर थाप पडली की अंगावर काटा यायचा, तानाजी पडायचा, उदयभान पडायचा आणि आम्ही टाळ्या घेऊन खाली उतरायचो. सिंहगडाची लढाई 1670 सालची. उदयभानाचा मुलगा आमच्या मांडवात तिसऱ्या रांगेत बसलेला नव्हता. आयर्लंडमध्ये मी गायला लागले तेव्हा हा फरक ध्यानात यायला वेळ लागला नाही. इथे तो मुलगा खरोखर तिसऱ्या रांगेत असतो. उत्तर आयर्लंडमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून 1998 च्या गुड फ्रायडे करारापर्यंत साडेतीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली. निम्म्याहून अधिक साधे नागरिक होते, आणि निम्म्याहून अधिक मरणं रिपब्लिकन संघटनांच्या, म्हणजे या गाण्यांवर हक्क सांगणाऱ्यांच्या, हातून झालेली होती. त्यांची भावंडं, बायका, मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत. ती लग्नाला येतात, पबमध्ये बसतात, आणि आपण कोण आहोत हे कपाळावर लिहून आणत नाहीत.

तेव्हा गाणं जुनं की नवं, एवढ्यावरून काही ठरत नाही, हे हळूहळू उमजत गेलं. फादर मर्फीच्या 1798 मधल्या उठावावरचं 'बूलावोग' हे गाणं 1898 साली, शतकसोहळ्यासाठी लिहिलं गेलं. 'द फॉगी ड्यू' 1916 च्या ईस्टर उठावावर आहे आणि ते चार्ल्स ओ'नील नावाच्या धर्मगुरूने तीन वर्षांनी लिहिलं. 'ग्रेस' 1985 सालचं. त्यात ग्रेस गिफर्डने जोसेफ प्लंकेटशी किलमेनम तुरुंगात, 4 मे 1916 च्या पहाटे त्याला गोळ्या घालण्याच्या काही तास आधी, लग्न लावलं त्याची कथा आहे. म्हणजे ही गाणी घटनेच्या वेळची क्वचित, आठवणीतली जास्त. प्रत्येक पिढी आपल्या गरजेप्रमाणे जुना मेलेला माणूस उचलते आणि त्याला नवं गाणं देते. त्यामुळे 1916 वर गायलेलं गाणं खोलीतल्या कुणाला 1976 चं वाटू शकतं. आणि तसं वाटणारा माणूस चुकत नसतो.

पबच्या कामाने मला दुसरीच एक गोष्ट शिकवली, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रात्री अकरानंतर लोकांना मेडली हवी असते. चार-पाच रिबेल गाण्यांची ध्रुवपदं एकाच तालात एकाला एक जोडायची, बँजो जोरात ठेवायचा, लय वाढवत न्यायची. कडवी गाळायची, कारण कडव्यात लोक बोलायला लागतात, ग्लास भरायला उठतात. ध्रुवपद आलं की सगळे एका आवाजात परततात. कामाच्या दृष्टीने ही युक्ती बिनतोड आहे. पण मरणारी माणसं सगळी कडव्यांत असतात. कोण होता, आई काय म्हणाली, शेवटची रात्र कशी गेली, सोबती कोण, विकलं कुणी, हे सगळं तिथे. कडवी काढून टाकली की उरतो तो नारा. तोच नारा पाच गाण्यांतून पाचदा आला की गाणारे कशासाठी ओरडताहेत हे त्यांनाही सांगता येणार नाही.

2020 च्या जानेवारीत हे फार स्पष्ट दिसलं. सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या काळातल्या जुन्या पोलीस दलाच्या स्मरणाचा एक कार्यक्रम डब्लिन कॅसलमध्ये ठरवला होता. त्या दलाच्या मदतीला 1920 साली ब्रिटनने पाठवलेल्या भरतीला ब्लॅक अँड टॅन्स म्हणत. गावं जाळल्याबद्दल, लोकांना घराबाहेर ओढून मारल्याबद्दल त्यांचं नाव इथे आजही शिवीसारखं घेतलं जातं. देशभर संताप उसळला, कार्यक्रम पुढे ढकलावा लागला आणि 'कम आउट यी ब्लॅक अँड टॅन्स' हे जुनं गाणं आयर्लंड आणि ब्रिटन दोन्हीकडच्या आयट्यून्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या वेळी टीशक, म्हणजे पंतप्रधान, होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. साहजिकच इथल्या मराठी घरांतही तो विषय रोज निघत होता.

त्या आठवड्यांत आमच्याकडे दुसरी मागणीच येत नव्हती. डॉमिनिक बीहनचं हे गाणं त्याच्या वडिलांबद्दल आहे. दारू पिऊन घरी येणारा, शेजाऱ्यांना बाहेर येऊन लढायचं आव्हान देणारा बाप, आणि ते आव्हान ऐकत मोठा झालेला मुलगा. म्हणजे गाणं सैन्याविषयी जेवढं आहे तेवढंच एका गल्लीविषयी आहे, जिथे ब्रिटिश सैन्यात जाऊन आलेले आणि त्यांच्याविरुद्ध लढलेले भिंतीला भिंत लावून राहत होते. आणि त्यात एक कडवं असं आहे की त्यात अरब आणि झुलू लोकांना तुम्ही कसं मारलंत, त्यांच्या भाल्यांसमोर तुमच्या तोफा कशा चालल्या, असा सवाल त्या शेजाऱ्यांना केलेला आहे. पबच्या मेडलीत ते कडवं सहसा नसतं. मी ते मुद्दाम गायला लागले. आयर्लंडपलीकडच्या साम्राज्याची आठवण करून देणारं ते कडवं माझ्यासारखीच्या तोंडून आलं की खोलीतला गोंगाट थोडा उतरतो आणि लोक ऐकतात. 'हे कडवं मी कधी ऐकलंच नव्हतं' असं मला त्या महिन्यात कितीतरी जणांनी सांगितलं. ही माणसं ते गाणं लहानपणापासून ओरडत आली होती.

याच सुमारास एका लग्नात आम्हाला बोलावलं होतं. वधू दक्षिणेकडची, कॅथलिक. वराकडचे लोक उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना परगण्यातले प्रॉटेस्टंट. आम्ही काळजीपूर्वक यादी केली होती. त्यात 'ग्रेस' होतं, कारण वधूच्या आईने ते मागितलं होतं आणि ते शेवटी प्रेमाचंच गाणं आहे. आम्ही ते संथ लयीत, सगळी कडवी घेऊन गायलो. निम्मी खोली रडत होती. शेवटचा सूर विरला आणि मागच्या टेबलावरून दोन-तीन तरुण ओरडले, "अप द रा!" रा म्हणजे आयआरए, आयरिश रिपब्लिकन आर्मी. झालं, टाळ्यांत तो आवाज मिसळून गेला.

नंतर जेवणाच्या वेळी वराकडचे एक आजोबा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचा धाकटा भाऊ शेतकरी होता आणि अर्धवेळ लष्करी दलात होता. त्याला त्याच्या गोठ्यापाशी गोळ्या घातल्या होत्या. हे त्यांनी अगदी शांतपणे, गुरांचा बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाले, "गाणं सुंदर होतं, मुली. त्या बिचारीचं दुःख मला कळतं. गाण्यानंतर जे आलं ते मला ऐकवत नाही. आणि ते नेहमीच येतं."

त्यांचं शेवटचं वाक्य मी आणि माझ्या जोडीदाराने परतीच्या सगळ्या रस्त्यात घोळवलं. गाणं निर्दोष असलं तरी त्याच्या मागून काय येतं याची जबाबदारी कुणाची? तो म्हणाला, ओरडणाऱ्याची. मी म्हणाले, आपलीही, कारण ओरडायला जागा आपण ठेवली. त्यानंतर आम्ही वाजवण्याची पद्धत बदलली. 'ग्रेस' किंवा 'केव्हिन बॅरी'चा शेवटचा सूर संपायच्या आत बँजोवर एका संथ चालीचा पहिला सूर लागतो. टाळ्या आणि आरोळी दोन्हींना फट मिळत नाही. लोकांना वाटतं, हे एकच मोठं गाणं आहे. ही साधी कारागिरी आहे, पण कितीतरी लग्नांत तिने आम्हाला तारलं. आणि त्या लग्नात जसं मला त्या आजोबांविषयी कळलं, तसं दर वेळी कळेलच असं नाही. म्हणून ते खोलीत आहेतच असं धरून मी गाते.

'अप द रा' म्हणणाऱ्या पोरांशी मी बोलले आहे, पुष्कळदा. ती दुष्ट नसतात. 1998 नंतर जन्मलेल्या मुलाला आयआरए म्हणजे 1920 चे टोपीवाले, सायकलवरून फिरणारे क्रांतिकारक वाटतात. 1969 नंतर त्याच नावाने काम करणाऱ्या संघटनेने एनिस्किलनमध्ये 1987 साली युद्धस्मारकापाशी जमलेल्या लोकांत बॉम्ब फोडून अकरा जण मारले, 1993 मध्ये इंग्लंडातल्या वॉरिंग्टनला एक तीन वर्षांचा आणि एक बारा वर्षांचा मुलगा मारला, हे त्यांना धड्यातली नावं म्हणून ठाऊक असतं. एकच नाव दोन काळांवर पसरलेलं आहे आणि आरोळीत त्यांतला कुठला काळ आहे हे ऐकणाऱ्याला कळण्याची सोय नाही. एनिस्किलनच्याच दिवशी अमेरिकेत डेन्व्हरला यू-टू या डब्लिनच्या बँडचा कार्यक्रम होता. 'संडे ब्लडी संडे' गाताना गायक मध्येच थांबून दूर बसून क्रांतीचं कौतुक करणाऱ्यांवर संतापाने तुटून पडला. ते चित्रीकरण मी आमच्याबरोबर वाजवायला येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला दाखवते. स्वतःच लिहिलेलं गाणंही गायकाला भर मैफिलीत असं सांभाळावं लागलं.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने ग्लासगोत स्कॉटलंडला हरवून पहिल्यांदा विश्वचषकात जागा मिळवली. ड्रेसिंग रूममध्ये मुली आनंदाने वुल्फ टोन्स या बँडच्या 'सेल्टिक सिंफनी'तला, नेमका आयआरएचा जयजयकार असलेला भाग म्हणाल्या. चित्रफीत बाहेर पडली, माफी मागावी लागली, आणि युएफाने आयरिश फुटबॉल संघटनेला 20,000 युरोंचा दंड केला. त्या मुलींना ज्या भाषेत झोडपलं गेलं ते मला अन्यायाचं वाटलं. पुढच्या शनिवारी मात्र सात-आठ चकत्यांवर तेच गाणं लिहून आलं, आणि आम्ही ते गायलं नाही. त्या गाण्यात एखादा माणूस नाही, त्याचं मरण नाही, कुणाची आई नाही. आहे तो संघटनेचा जयजयकार. ओळख करून द्यायला त्यात कुणी नसेल तर ते गाणं मी गात नाही. तेव्हापासून ही माझी रेघ आहे.

या रेघेची किंमत मोजावी लागली. एका पबमध्ये आमच्या दर शुक्रवारच्या रात्री ठरलेल्या होत्या. मालकाला अकरा ते साडेबाराची मेडली हवी होती, कारण त्या वेळात गल्ला सर्वांत जास्त होतो. त्याने आम्हाला नीट समजावून सांगितलं, आम्हीही त्याला सांगितलं, आणि पुढच्या महिन्यापासून त्या रात्री दुसऱ्या जोडीकडे गेल्या. पैशाचा विषय मी मुद्दाम काढते, कारण या चर्चेत तो कुणी काढत नाही. आयरिश गावांत ही गाणी शंभर वर्षं फुकट गायली गेली. पर्यटकांच्या पबमध्ये ती आता विकली जातात, आणि विकताना कडवी सगळ्यांत आधी जातात.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मी गाणी गप्प करायच्या बाजूची आहे. तसं वाटू नये म्हणून डेरीच्या एका बाईंचं बोलणं सांगते. एका महोत्सवात मी 'या गाण्यांना जपून हात लावावा' अशा अर्थाचं काही बोलले. कार्यक्रमानंतर त्या आल्या. 30 जानेवारी 1972 ला डेरीच्या बॉगसाइडमध्ये ब्रिटिश पॅराट्रूपर्सनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या आणि त्या गल्लीत राहत होत्या. तेरा जण जागीच गेले, एक पुढे गेला. त्याच वर्षी लॉर्ड विजरींच्या चौकशीने सैनिकांना जवळजवळ मोकळं सोडलं आणि मेलेल्यांवर संशय ठेवला. ती माणसं निरपराध होती हे ब्रिटिश सरकारने मान्य केलं ते 2010 साली, सॅव्हिल अहवालानंतर. मधली अडतीस वर्षं, त्या म्हणाल्या, आमचं खरं कुठे नोंदलेलं होतं? कोर्टात नव्हतं, टीव्हीवर नव्हतं. गाण्यात होतं. "तुम्ही सावधपणा शिकवा, पण आधी हे सांगा की सगळे खोटं बोलत होते तेव्हा गाणं खरं बोलत होतं."

मला त्यांना उत्तर देता आलं नाही आणि उत्तराची गरजही नव्हती. बर्मिंगहॅममधल्या 1974 च्या बॉम्बस्फोटांसाठी सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली होती. पोग्ज या बँडने ते निरपराध आहेत असं गाणं केलं तेव्हा 1988 साली ब्रिटनमध्ये त्याच्या प्रसारणावर बंदी आली. 1991 मध्ये ते सहाही जण निर्दोष सुटले. या दोन घटनांनंतर रिबेल गाण्यांना सरसकट द्वेषाची गाणी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि त्याच बर्मिंगहॅमच्या पबमध्ये मेलेल्या एकवीस जणांची नावं न घेता ते गाणं गाणाऱ्यांशीही जमत नाही.

इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मला दरवर्षी एखादं आयरिश स्वातंत्र्यगीत गायला सांगतात. आयोजकांची प्रस्तावना ठरलेली: आपण आणि ते, दोघंही इंग्रजांचे गुलाम. ही भावना खोटी नाही. न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला तो याच ओढीने. पण मी त्या मंचावर जालंधरची गोष्ट सांगते. 1920 च्या जूनमध्ये तिथे कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीतल्या शिपायांनी मायदेशातल्या ब्लॅक अँड टॅन्सच्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून शस्त्रं खाली ठेवली आणि आयरिश तिरंगा फडकवला. याच पलटणीतल्या, बंडात सामील झालेल्या जेम्स डेलीला केव्हिन बॅरीच्या फाशीच्या दुसऱ्याच दिवशी, 2 नोव्हेंबरला, दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. लोक इथे टाळ्या वाजवतात. मग मी पुढचं सांगते. 1857 चा उठाव मोडायला आलेल्या फौजांत हीच पलटण होती. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओ'ड्वायर टिपेररीच्या कॅथलिक शेतकरी घरातला होता. तिथे गोळीबाराचा हुकूम देणारा डायर शाळेला कॉर्कमध्ये होता. आयरिश माणूस साम्राज्याचा बळी होता आणि साम्राज्याचा हातही होता. हे आपल्या लोकांसमोर सांगून मग गाणं गायलं तर ते जास्त खरं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

अशाच एका कार्यक्रमानंतर एका काकांनी मला पेचात टाकलं. 2002 साली बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने जगातलं लोकप्रिय गाणं निवडायला सांगितलं तेव्हा पहिलं आलं होतं 'अ नेशन वन्स अगेन' हे आयरिश गाणं आणि दुसरं 'वंदे मातरम्'. काका म्हणाले, "तू म्हणतेस सगळी कडवी गा. आणि वंदे मातरम्‌ची?" काँग्रेसने 1937 मध्ये त्याची पहिली दोनच कडवी सभांत घ्यायचं ठरवलं, कारण पुढच्या कडव्यांतली देवीची रूपं मुसलमान बांधवांना आपली वाटत नव्हती. प्रश्न रास्त होता. मी त्यावर पुष्कळ विचार केला. तिथे कडवी गाळली ती सभेत बसलेल्या कुणाला परकं वाटू नये म्हणून. पबमध्ये ती गाळतात लय मोडू नये म्हणून. पहिल्यात ऐकणाऱ्याचा विचार आहे, दुसऱ्यात नाही. म्हणून मला तो निर्णय मान्य आहे, आणि माझा दंडक मी थोडा बदलला: सगळं गाता येत नसेल अशा खोलीत ते गाणंच बाजूला ठेवायचं.

याचा कस 'द पेट्रियट गेम'मध्ये लागतो. तेही डॉमिनिक बीहनचंच. 1957 च्या पहिल्या दिवशी ब्रुकबरोच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात मारला गेलेला फर्गल ओ'हॅनलन त्यात मरता मरता बोलतो. गाण्याने त्याला सोळा वर्षांचा केलं आहे, खरा तो वीस वर्षांचा होता. तो माझ्या जोडीदाराच्या गावचा, मॉनहनचा. त्याच्या दोन दिवस आधी डेरीलिनच्या ठाण्यावरच्या हल्ल्यात एक पोलीस शिपाई मेला होता. त्या शिपायाचं गाणं मी कुठल्याच पबमध्ये ऐकलेलं नाही. या गाण्यात एक कडवं आहे, ज्यात पोलिसांवर गोळी झाडायला आपल्याला काही वाटत नाही असं तो पोरगा म्हणतो. बरेच गायक ते गाळतात. मी गाते. ते गाळलं तर तो नुसता गोंडस हुतात्मा उरतो. ते असलं तर या पोराच्या डोक्यात कुणी आणि काय भरलं होतं हे उघडं पडतं, आणि गाण्याच्या शेवटी त्याच्या आवाजात जो कडवटपणा येतो तो कळतो. फर्मॅनाच्या त्या आजोबांसमोर मी हे गाणं गाणार नाही. पण गायलं तर ते कडवं वगळून गाणार नाही.

जोडीदाराचं आणि माझं एका गाण्यावर अजून जमलेलं नाही. 'द ब्रॉड ब्लॅक ब्रिमर'मध्ये आई मुलाच्या डोक्यावर त्याच्या मेलेल्या बापाची आयआरएची टोपी ठेवते, आणि मुलाची ती कित्येक वर्षांची इच्छा असते. जोडीदाराचे आजोबा 1920-21 च्या लढ्यात होते. मॉनहनमध्ये 1974 साली लॉयलिस्टांचा, म्हणजे ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या सशस्त्र गटाचा, बॉम्ब फुटला तेव्हा तो तिथे राहत होता. त्याच्या घरात हे गाणं आजोबांचं म्हणून गायलं जातं आणि ते सोडायला तो तयार नाही. मला त्यात टोपीबरोबर बंदूकही पुढच्या पिढीकडे सरकवलेली दिसते. त्यामुळे ते तो एकटा गातो, मी गिटार धरते, पण ध्रुवपदात आवाज मिळवत नाही. त्याच्या लगेच मागून मी 'द पेट्रियट गेम' घेते, सगळ्या कडव्यांसकट. तो म्हणतो, हे मला भर स्टेजवर उत्तर देणं झालं. मी म्हणते, हो, झालं.